सातबाऱ्यातील ‘इतर’ : मावळातील ओवी, ग्रामीण साहित्य आणि स्त्रीचे शेतकरीपण

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील शेतजमिनीचा सातबारा उतारा हा दोन नमुन्यांचा मिळून बनलेला असतो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख असून जमीन कोणाची आहे, हे त्यावरून कळते. गाव नमुना बारा ही पीकपाहणी असून त्या जमिनीत कोणते पीक किती क्षेत्रावर घेतले, याची नोंद तीत असते. मावळासारख्या भातपट्ट्यातील स्त्रीचे आयुष्य नमुना बारामध्ये खर्ची पडते; नमुना सातमध्ये मात्र तिचे नाव क्वचितच येते. आलेच तर ते पुष्कळदा ‘इतर हक्क’ या सदरात येते. वडिलांच्या पश्चात बहिणींची आणि पतीच्या पश्चात विधवेची नावे या सदरात घालण्याची प्रथा ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. जिने रोप लावले, निंदले, कापले आणि शिजवून वाढले, ती अभिलेखाच्या भाषेत ‘इतर’ ठरते.

हा प्रश्न वरवर पाहता महसूल, कायदा किंवा अर्थशास्त्र यांचा वाटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की तो तितकाच भाषेचा आणि साहित्याचा प्रश्न आहे. स्त्रीच्या शेतीश्रमांचे चित्रण मराठी लोकवाङ्मयात आणि ग्रामीण साहित्यात विपुल आढळते. परंतु ते चित्रण कष्ट, माया आणि त्याग या तीन शब्दांभोवती फिरते. ज्ञान आणि हक्क हे दोन शब्द त्यात अभावानेच येतात. या अभावाचा मागोवा घेण्यासाठी मावळ-मुळशीच्या जात्यावरील ओव्या, काही निवडक ग्रामीण कादंबऱ्या, बहिणाबाई चौधरी यांची कविता आणि शेतकरी चळवळीची भाषा यांचा येथे विचार केला आहे. विवेचनाची भूमी म्हणून लोणावळ्याच्या कुशीतील तुंगार्ली व भोवतीचा मावळ हा प्रदेश घेतला आहे. शेती आणि शेतीचा अंत ही दोन्ही दृश्ये येथे शेजारी शेजारी दिसतात, हे त्याचे कारण होय.

१. खाचरातील श्रमविभागणी

सह्याद्रीच्या माथ्यावरील या पट्ट्यात पाऊस अतोनात पडतो आणि भात हेच मुख्य पीक असते. उन्हाळ्यात राबासाठी कवळ तोडणे, शेण-पालापाचोळा पसरून राब भाजणे, मृगाच्या सुमारास पेरणी, आषाढात रोपे काढून लावणी, त्यानंतर बेणणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग झोडणी, वारवणी आणि साठवण असा हा वर्षाचा क्रम आहे. यातील नांगरणी व चिखलणी पुरुषांची, रोपे काढणे, लावणी, बेणणी, बियाणे वाळवून राखणे ही कामे मुख्यतः स्त्रियांची, कापणी दोघांची. पूर्वी भात कांडण्याचे कामही स्त्रियांकडेच होते.

ही विभागणी शारीरिक बळावर झाली, असा एक समज आहे. दिवसभर पावसात, गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून लावणी करणे हे कमी बळाचे काम आहे, असे ते काम पाहिलेला कोणीही म्हणणार नाही. खरी सीमारेषा नांगराची आहे. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरुप यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कुदळीची शेती आणि नांगराची शेती यांतील फरक दाखवून, नांगर आला की शेतीवरील पुरुषांचे नियंत्रण कसे वाढते, हे मांडले. आपल्याकडे स्त्रीने नांगराला हात लावू नये, हा संकेत धार्मिक निषेधाइतका कडक राहिला. ‘सीता’ या संस्कृत शब्दाचा अर्थच नांगराने पडलेला तास असा आहे. तासाला स्त्रीचे नाव देणाऱ्या संस्कृतीने तास पाडण्याचा अधिकार मात्र तिला दिला नाही.

याचा परिणाम पुढे यांत्रिकीकरणाच्या वाटपावरही झाला. बैलांच्या नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली आणि पुरुषाचे काम हलके झाले. लावणी मात्र बहुतांश ठिकाणी हातानेच आणि वाकूनच होत राहिली. कांडप गिरणीत गेले, ही स्त्रीची मोठीच सुटका होती. पण गिरणी चालविणारा हात पुरुषाचा होता. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भातलागवडीत खुणा केलेल्या दोरीवर पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरांनी चूड लावायचे असतात आणि चार चुडांच्या चौकोनात खताची एक गोळी खोचायची असते. या तंत्राचे यश लावणी करणाऱ्या हातांच्या अचूकतेवर अवलंबून आहे. म्हणजे ते तंत्र प्रत्यक्षात स्त्रीच्या हातात आहे. प्रशिक्षणाचे निमंत्रण जेव्हा खातेदाराच्या नावे जाते, तेव्हा शिकणारा एक आणि करणारी दुसरी अशी विसंगती निर्माण होते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला ‘इंद्रायणी’ हा वाण आज घरोघरी परिचित आहे. तो शेतात रुजविणाऱ्या स्त्रियांकडे मात्र तंत्राच्या जाणकार म्हणून पाहिले जात नाही. मजुरीच्या बोलीतही हेच प्रतिबिंबित होते. ‘गड्याची मजुरी’ आणि ‘बाईची मजुरी’ हे दोन स्वतंत्र दर आहेत आणि लावणीचे कसब कितीही असले तरी दर कसबावरून ठरत नाही, तर लिंगावरून ठरतो.

२. ओवीतील शेत कोणाचे?

मावळ आणि मुळशी या तालुक्यांचे मराठी लोकवाङ्मयाच्या अभ्यासात एक विशेष स्थान आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेच्या निमित्ताने केलेल्या कामातून जात्यावरील ओव्यांचा प्रचंड संग्रह उभा राहिला. महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून जमविलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाद्वारे टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आला. त्याआधी साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचे संकलन केले होते. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे संकलन-संपादन केले आणि तारा भवाळकर यांनी ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’मध्ये लोकपरंपरेतील स्त्रीच्या स्वतंत्र स्वराचा शोध घेतला. राईरकर-पॉइतवाँ यांच्या कामाचे वेगळेपण असे की ओवी गाणारी स्त्री ही त्यांच्या दृष्टीने केवळ परंपरेची वाहक नव्हती; आपल्या अनुभवावर भाष्य करणारी ती विचारी व्यक्ती होती.

ही दृष्टी मान्य करून शेताविषयीच्या ओव्यांकडे पाहिले, तर एक गोष्ट वारंवार जाणवते. ओवी रचणारी स्त्री स्वतः शेतात राबते. परंतु तिच्या ओवीतील शेतकरी बहुधा तिचा मुलगा किंवा तिचा भाऊ असतो. नांगर धरणारा बाळ, पेरणी करणारा बंधू, त्यांच्या बैलांची नावे, त्यांच्या रानाची हिरवाई यांचे कौतुक ती करते. स्वतःची प्रतिमा ती बांधावरून न्याहारी घेऊन येणारी अशी रंगविते. लावणीने मोडलेली कंबर आणि चिखलाने खाल्लेली बोटे हा तिचा रोजचा अनुभव असूनही रानाचे स्वामित्व सांगताना षष्ठी विभक्ती नेहमी दुसऱ्याच्या नावाला लागते. रान बाळाचे, वाडा बंधूचा, धान्याची रास धन्याची. ‘माझे शेत’ हा शब्दप्रयोग जेथे येतो, तेथेही त्या ‘माझे’चा अर्थ ‘माझ्या माणसाचे’ असाच लागतो.

दुसरा वारंवार येणारा विषय बहीण-भावाच्या नात्याचा. भाऊ बहिणीला चोळी-बांगडी करतो, भावजय कुरकुरते, बहीण दुखावते आणि तरी भावाला आयुष्य चिंतिते. जमिनीत वाटा नको, वर्षाची एक चोळी आणि माहेरची उघडी कवाडे पुरेत, असा आशयही या ओव्यांत भेटतो. या आशयाकडे आजवर मायेचे उत्कट दर्शन म्हणून पाहिले गेले. बीना अगरवाल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ फील्ड ऑफ वन्स ओन’ या ग्रंथात दक्षिण आशियातील स्त्रिया भावांसाठी आपला वारसा का सोडतात, याची मीमांसा केली आहे. सासरी संकट आल्यास माहेर हाच एकमेव आधार असतो आणि तो आधार टिकविण्याची किंमत म्हणून वारसा सोडला जातो, असे त्या दाखवितात. या प्रकाशात ओवी वाचली की ती भाबडी राहत नाही. जमिनीच्या बदल्यात माहेर राखण्याचा तो एक जाणता व्यवहार ठरतो. व्यवहार असमान आहे, हेही ओवीला ठाऊक आहे. भावजयीच्या कुरकुरीचा उल्लेख ती उगाच करत नाही.

येथे समीक्षकाने दोन टोके टाळली पाहिजेत. ओवीला बंडाचे गीत म्हणणे जितके सोयीचे, तितकेच तिला दास्याचे गीत म्हणणेही सोयीचे आहे. पहाटेच्या अंधारात, घरातील पुरुष निजलेले असताना, समोरच्या जोडीदारणीच्या साक्षीने गायिलेली ओवी हे स्त्रीचे स्वतःचे व्यासपीठ होते. सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत अन्यायाची जाण स्पष्ट आहे. मात्र ही जाण नात्यांच्या चौकटीत दुःख म्हणून प्रकटते. संपत्तीच्या चौकटीत मागणी म्हणून ती प्रकटत नाही. ओवी दळणाच्या कष्टातून जन्मली, हेही विसरता येत नाही. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले, तेव्हा ओवी संपल्याची हळहळ अभ्यासकांना वाटली. रोज पहाटे दोन-तीन पायली दळण ओढणाऱ्या स्त्रीला त्याच गोष्टीचा काय आनंद झाला असेल, याची नोंद आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासाने पुरेशी घेतलेली नाही.

३. ग्रामीण कादंबरीतील कष्टाळू आई

ओवीत स्त्री बोलते. ग्रामीण कादंबरीत बहुधा तिचा मुलगा बोलतो. या बदलाचे परिणाम दूरगामी आहेत.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही कादंबरी याला बराच अंशी अपवाद आहे, म्हणून तिचा उल्लेख प्रथम करावा लागतो. कौतिक ही तिची नायिका. तिच्या कुटुंबाचा व्यवसाय शिवणकामाचा. पण नवऱ्याच्या नाकर्तेपणामुळे आणि पुढे त्याच्या आजारामुळे घर कौतिकच्या मोलमजुरीवर उभे राहते. शेळके यांनी तिचे कष्ट भावविवश न होता, व्यवहाराच्या तपशिलांसह टिपले आहेत. मराठी समीक्षेने मात्र कौतिककडे प्रामुख्याने नियतीशी झुंजणारी शोकात्म आई म्हणून पाहिले. ती भूमिहीन आहे, तिचे श्रम नेहमी दुसऱ्याच्या जमिनीत मुरतात आणि तिच्या शोकांतिकेला मजुरीचा दर हेही एक कारण आहे, हे मुद्दे चर्चेत मागे राहिले.

आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त (१९८७) निवेदक मुलाचे शिक्षणासाठीचे झगडणे केंद्रस्थानी आहे. कागल परिसरातील त्या कुटुंबात आई वारंवारच्या बाळंतपणांतून उठते आणि पुन्हा मळ्यात उभी राहते. हे चित्रण अस्सल आणि अस्वस्थ करणारे आहे, यात शंका नाही. तथापि ते मुलाच्या कृतज्ञतेच्या आणि अपराधभावाच्या काचेतून आपल्यापर्यंत येते. आईला पिकाचे काय कळत होते, मळ्याबाबत तिचे मत काय होते, ते कोणी विचारत होते का, हे प्रश्न निवेदकाच्या कथेला आवश्यक नसल्यामुळे मागे पडतात. आई राबते आणि सोसते. ती निर्णय घेताना फारशी दिसत नाही.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) शेतीचे अरिष्ट हाच विषय आहे. सुशिक्षित बेरोजगार एकनाथची कोंडी तीत सर्व बाजूंनी उभी राहते. त्याची पत्नी अलका हिला शेती आणि खेडे नकोसे आहे आणि ती अखेर माहेरी जाते. तिच्या या जाण्याकडे वाचक एकनाथच्या दुःखात पडलेली आणखी एक भर म्हणून पाहतो. परंतु ज्या व्यवसायात आपले नाव नाही, उत्पन्नावर आपला अधिकार नाही आणि ज्यातील आपला वाटा केवळ कष्टाचा आहे, त्या व्यवसायावर अलकाने निष्ठा का ठेवावी? हा प्रश्न कादंबरीच्या संहितेत दडलेला आहे. तो बाहेर काढणे हे समीक्षेचे काम होय. शेतीच्या अरिष्टाची मराठी कथा ही मुख्यतः पुरुषाच्या अरिष्टाची कथा झाली आहे. कर्जाला कंटाळून शेतकऱ्याने जीव दिल्यानंतर मागे राहिलेली स्त्री तीच जमीन कसत राहते आणि त्याच कर्जाला तोंड देते. तिचा उल्लेख मात्र ‘शेतकऱ्याची विधवा’ असाच होतो.

याचे मूळ शब्दातच आहे. ‘शेतकरी’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या दोन्ही लिंगांना लागू शकतो. व्यवहारात मात्र तो पुंल्लिंगीच आहे. ‘शेतकरीण’ म्हटले की पाटलीण, मास्तरीण यांप्रमाणे ‘शेतकऱ्याची बायको’ हाच अर्थ प्रथम मनात येतो. कूळकायद्याच्या काळातील ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन मानून कुळांना मालकी देण्यात आली. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील ही एक क्रांतिकारक घटना होय. परंतु ‘कसेल’ या क्रियापदात स्त्री होती आणि ‘त्याची’ या सर्वनामात ती नव्हती. घोषणेने जे व्याकरण स्वीकारले, तेच नमुना सातने स्वीकारले.

४. बहिणाबाई : जाणतीची कविता

या पार्श्वभूमीवर बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची कविता वेगळी उठून दिसते. १९५२ मध्ये त्यांची गाणी ग्रंथरूपाने आली. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेने त्यांची महाराष्ट्राला ओळख झाली. तेव्हापासून निरक्षर असूनही अलौकिक प्रतिभा लाभलेली निसर्गकन्या, ही बहिणाबाईंची प्रतिमा रूढ झाली.

पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी या क्रियांवरील त्यांच्या कविता सलग वाचल्या, तर या प्रतिमेची मर्यादा लक्षात येते. ही शेतीच्या संपूर्ण चक्राची, क्रियांच्या अचूक क्रमाची आणि त्या क्रियांच्या कारणांची कविता आहे. वारा केव्हा हवा आणि कशासाठी हवा, खळ्यावर बैल कसे फिरतात, कापणीला हात कसा चालतो, हे जाणणाऱ्या व्यक्तीनेच ती रचली आहे. ओवीतील स्त्री भावाच्या रानाकडे कौतुकाने पाहते. बहिणाबाई शेताकडे करणाऱ्याच्या नजरेने पाहतात. ‘निसर्गकन्या’ हा शब्द गौरवाचा असला तरी तो या ज्ञानाला निसर्गदत्त ठरवितो आणि त्यामागील शिकणे, निरीक्षण व अनुभव नाकारतो. पुरुषाला जे येते ते कसब, स्त्रीला जे येते तो स्वभाव, अशी ही विभागणी आहे.

ही विभागणी आजही टिकून आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी शेकडो देशी वाणांचे जतन केले आणि त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान शेतकरी स्त्रीच्या ज्ञानाचाच होता. तरीही त्यांना रूढ झालेले बिरुद ‘बीजमाता’ हे आहे. बियाण्याची पारख, उगवणशक्तीचा अंदाज, साठवणीचे तंत्र यांना ‘माता’ या शब्दात गुंडाळले की आदर वाढतो, पण तज्ज्ञता अदृश्य होते. बिरुद प्रेमाने दिलेले आहे, याबद्दल वाद नाही. आदराची आपली शब्दसंपत्ती स्त्रीच्या बाबतीत आईपणाशीच का थांबते, एवढाच प्रश्न आहे.

५. चांदवड ते लक्ष्मीमुक्ती : देण्याची भाषा

साहित्याने जे केले नाही, ते चळवळीने करण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. ग्रामीण स्त्रियांचा असा समुदाय महाराष्ट्राने त्यापूर्वी क्वचितच पाहिला होता. शरद जोशी यांची ‘चांदवडची शिदोरी’ ही पुस्तिका या मंथनातून आली. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. ज्या गावातील किमान शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करतील, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव म्हणून गौरविले जाई. सीताशेती आणि माजघर शेती या कल्पनांतून स्त्रियांच्या स्वतंत्र प्रयोगांनाही वाव देण्याचा विचार झाला.

या कार्यक्रमाचे महत्त्व निःसंशय आहे. घरातील स्त्रीच्या नावे जमीन करण्याची कल्पना गावोगावच्या पुरुषांकडून स्वेच्छेने मान्य करवून घेणे ही सामान्य गोष्ट नव्हे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र त्याच्या भाषेकडे लक्ष द्यावे लागते. घरच्या लक्ष्मीच्या ऋणातून मुक्त होणे, ही त्यामागील भूमिका होती. ऋणको पुरुष आहे आणि मुक्तीही त्याचीच आहे. स्त्रीला जमीन मिळते ती तिने ती कसली म्हणून, की पती कृतज्ञ आहे म्हणून, हा भेद येथे पुसट होतो. बंधूने बहिणीला केलेली चोळी आणि पतीने पत्नीला दिलेली जमीन यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु दोन्हीचे व्याकरण देण्याचे आहे, हक्काचे नाही. दिलेली वस्तू न देण्याचे स्वातंत्र्यही देणाऱ्याकडेच राहते.

हक्काची भाषा कायद्याने आणली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी हिंदू उत्तराधिकार कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून मुलींना सहदायाद म्हणून स्थान दिले; मात्र २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही मर्यादा दूर केली आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. कायद्याची वाट पूर्ण झाली, असे म्हणता येईल. आकडे मात्र वेगळी कथा सांगतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. २०१०-११ मध्ये ते सुमारे १३ टक्के होते. दुसरीकडे २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रिया शेतीत होत्या, तर पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्के. शेती जसजशी स्त्रीच्या हातात येत आहे, तसतशी ती तिच्या नावावर येत नाही.

६. तुंगार्ली : जमीन, हक्कसोड आणि संधी

कायदा आणि वास्तव यांमधील हे अंतर कसे भरून काढले जाते, हे पाहण्यासाठी पुन्हा मावळात यावे लागते. तुंगार्ली आज लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. वर तुंगार्लीचा तलाव, शेजारी टाटांचे वलवण धरण आणि जवळून गेलेला पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, अशी तिची चतुःसीमा सांगता येईल. या प्रदेशातील जमिनीचा इतिहास हा वारंवार झालेल्या हस्तांतरणाचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जलविद्युत प्रकल्पांच्या धरणांखाली येथील खोरी गेली. शेजारच्या मुळशीत १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह प्रसिद्धच आहे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला लोणावळा हाताच्या अंतरावर आले. खाचरांच्या जागी बंगले, हॉटेले आणि सुट्टीची घरे उभी राहिली.

जमिनीला असा भाव आला की सातबाऱ्यावरील प्रत्येक नावाला किंमत येते. विवाहित बहिणींची आठवण नेमकी याच वेळी होते. खरेदीदाराला निर्वेध हक्क हवा असतो. म्हणून वारस असलेल्या बहिणींकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेतले जाते. ही सही बळजबरीनेच घेतली जाते, असे नाही. पुष्कळदा ती साडी-चोळी, जेवण आणि माहेरपण यांच्या वातावरणात होते. सही न करणारी बहीण ‘वाटा मागणारी’ म्हणून ओळखली जाते आणि माहेर तुटण्याची भीती तिच्यापुढे उभी राहते. ओवीने पिढ्यान् पिढ्या जो व्यवहार मायेच्या भाषेत सांगितला, तोच येथे मुद्रांकावर उतरतो. कायद्याने दिलेला हक्क संस्कृतीच्या मार्गाने परत घेतला जातो तो असा. म्हणूनच ओवीची चिकित्सा हा केवळ लोकसाहित्याचा विषय राहत नाही.

जमीन विकली गेल्यावर घरात पैसा येतो, तो खातेदाराच्या नावे. बिगरशेती झालेल्या जमिनीला पीकपाहणी नसते. म्हणजे नमुना बाराही संपतो. मालकाला जमिनीचा मोबदला मिळतो. लावणीच्या कसबाचा, बियाण्याच्या पारखीचा, रानभाज्यांच्या ओळखीचा मोबदला कोणी देत नाही, कारण ही संपत्ती आहे, असे कोठेही लिहिलेले नव्हते. त्यानंतर स्त्रीपुढे ज्या संधी उरतात, त्यांत बंगल्यांची झाडलोट, हॉटेलांतील भांडी आणि हंगामात रस्त्याकडेला करवंदे, जांभळे, भुट्टे विकणे ही कामे प्रमुख आहेत. अन्नाशी तिचे नाते तुटत नाही. पिकविणारीची ती विकणारी आणि भांडी घासणारी होते. ठाकर व कातकरी स्त्रियांच्या बाबतीत तर मुळातच जमिनीचे नाते नाजूक असल्यामुळे हे घसरणे अधिक वेगाने होते.

याच तालुक्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीच्या विरोधातील आंदोलनात बऊरजवळ झालेल्या पोलीस गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. त्यांत एक स्त्री होती. बातम्यांनी या तिघांनाही ‘शेतकरी’ म्हटले. पाणी आणि जमीन यांसाठी रस्त्यावर उतरलेल्या स्त्रीला हा शब्द निःशंकपणे लावता येतो; मग खाचरात उभ्या असलेल्या स्त्रीला तो लावताना भाषा का अडखळते, याचा विचार व्हायला हवा.

निष्कर्ष

१) मावळातील भातशेतीत स्त्रीचे श्रम सहायक स्वरूपाचे नाहीत. लावणी, बेणणी व बियाणे यांवर पिकाचे भवितव्य अवलंबून असते आणि ही कामे ज्ञानाची आहेत.

२) जात्यावरील ओवीत स्त्रीचा स्वतःचा आवाज आहे, तथापि रानाचे स्वामित्व ती मुलाच्या व भावाच्या नावे सांगते. वारसा सोडून माहेर राखण्याचा असमान व्यवहार तीत मायेच्या भाषेत व्यक्त झाला आहे.

३) ग्रामीण कादंबरीने आणि तिच्या समीक्षेने शेतकरी स्त्रीला प्राधान्याने कष्टाळू आई म्हणून पाहिले. बहिणाबाईंची कविता शेतीचे ज्ञान आतून सांगते. समीक्षेने त्या ज्ञानाला निसर्गदत्त ठरविले.

४) चळवळीची भाषा देण्याची राहिली, कायद्याची भाषा हक्काची झाली. या दोहोंमधील अंतर हक्कसोडपत्रासारख्या व्यवहारात दिसते.

स्त्रियांच्या संधींचा विचार करताना बचतगट, प्रशिक्षण, कर्ज, बाजार यांची चर्चा पुष्कळ होते आणि ती आवश्यकही आहे. जगाच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ च्या आपल्या अहवालात, साधनसामग्री समान मिळाल्यास स्त्रियांच्या शेतातील उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकेल, असे म्हटले होते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले. परंतु कर्ज, विमा, अनुदान, भरपाई यांची दारे ज्या नमुना सातने उघडतात, त्यावर नाव नसेल तर यातील बरेचसे दारापाशीच थांबते.

महाविद्यालयांतील मराठीच्या अध्यापकांना या संदर्भात करण्याजोगे एक काम आहे. लोकसाहित्य शिकविताना ओवी मायेची म्हणून शिकविणे आणि तीच ओवी मालमत्तेची म्हणूनही शिकविणे, या दोन्ही गोष्टी एकाच तासात शक्य आहेत. मावळातील आपल्या वर्गांत बसलेल्या मुलींपैकी कित्येकींपुढे पुढील काही वर्षांत हक्कसोडपत्राचा कागद येणार आहे. सही करायची की नाही, हे त्या ठरवतील. निदान तो कागद वाचताना त्यांना त्यातील ‘स्वखुशीने’ या शब्दाचा अर्थ तपासता यावा, एवढी तयारी साहित्याच्या शिक्षणाने करून देणे आवश्यक वाटते.